एकच जागा उरली होती: इशापूरची .३१५ रायफल, नऊ महिन्यांनंतर

बाबा एसआरपीएफच्या, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाच्या, गट ४ मध्ये होते, नागपूरच्या हिंगणा रोडला. नोकरीची बरीच वर्षं त्यांच्या खांद्यावर थ्री नॉट थ्री (.३०३) रायफल होती. मी स्वतः एनसीसीत कवायतीला तीच उचलली. त्यामुळे परवाना झाल्यावर मनात दुसरं काही नव्हतंच. जुन्या लष्करी घडणीची, बोल्टवाली, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा मागेपुढे करायची रायफल घ्यायची, आणि खिशाला झेपेल अशी.

पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. माझ्याकडची एक जागा आजोबांच्या दुनाळीची आहे आणि ती मी कधी विकणार नाही. म्हणजे उरली एक. परदेशातले लोक मोसिन, माउझर, एनफिल्ड अशा जुन्या फौजी रायफलींची रांग लावतात आणि स्वस्त कुठली, ते किमतीवरून ठरवतात. आपल्याकडे हिशेब जागेचा आहे. चुकीची रायफल फुकट मिळाली तरी ती महागच पडते.

.३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), तेव्हा सामान्य परवान्यावर ती येत नाही. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने त्याच जुन्या घडणीवर ७.६२ मिलिमीटरची २ए आणि पुढे २ए१ काढली, तीही याच कारणाने बाद. बंगालात बनलेली ती रायफल अमेरिकेतला माणूस दुकानातून घेऊन जातो आणि आपण फोटो बघतो, ही सल मला आजही आहे.

जुन्या शिकारी घराण्यांतली दोन माउझर मी पाहून आलो. एकीचं नाव ऐकूनच मी हरखलो होतो. पण नळीत आतून खड्डे होते, बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळत नव्हता, आणि काडतुसं कुठून आणायची याला मालकाकडेही उत्तर नव्हतं. शोभेला ठेवायची असती तर घेतलीही असती. मला चालवायची होती.

म्हणून .३१५, इशापूरचीच पण सामान्य परवान्यावर येणारी. ही गरिबांची .३०३ म्हणून लोक नाक मुरडतात ते मला पटत नाही. इंग्रजांना फौजेचं काडतूस रयतेच्या हाती नको होतं, म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅन्लिखर रायफलीच्या ८ मिलिमीटर काडतुसासाठी ली-एनफिल्डचीच, म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच, यंत्रणा वापरली गेली. बोल्ट तोच, मागच्या बाजूने अडकणारा. मॅगझिन मात्र दहाऐवजी पाचाचं. आणि काडतुसं आजही देशात बनतात, परवान्यावर रीतसर मिळतात. निवड करताना माझ्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात जड ठरला.

मे महिन्यात उमरेडकडच्या एका शेतकरी घरातली रायफल डीलरमार्फत घेतली, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, तेव्हापासून ती बहुतेक कपाटातच होती. आधी रायफलच्या भागांवरचे तिन्ही नंबर एकमेकांशी ताडून घेतले. नळीत उजेड टाकून पाहिलं, आटे, म्हणजे आतल्या पेचदार खाचा, धारदार होते. नळीच्या तोंडाची कडा शाबूत होती. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती फट राहते, ते बंदूक कारागिराकडून मोजून घेतलं. हे शेवटचं काम कुणीही टाळू नये. निघताना म्हातारबाबा एवढंच म्हणाले, "हिले पानी लागू देजो नोको, बापू."

कागदपत्रांत मात्र त्रास झाला. परवान्यावर नोंद करताना नंबरातल्या ७ चा १ झाला. माझ्या लक्षात आलं घरी आल्यावर, आणि दुरुस्तीला पाच आठवडे गेले. काउंटरवरून हलायच्या आधी नंबर मोठ्याने वाचून घ्या. नळीच्या गंजाइतकीच ही चूकही बंदूक निकामी करते.

परवानगीच्या रेंजवर आतापर्यंत चारदा गेलो, मिळून चाळीसेक गोळ्या झाल्या. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या बोटभर अंतरात तो जड होतो, कारण स्प्रिंग बंद करतानाच दाबली जाते. माउझरची सवय असलेल्याला ते खटकेल. मला दुसऱ्या दिवशी ते आवडायला लागलं, हाताला एक ठेका मिळतो. घोड्याची ओढ दोन टप्प्यांची आणि स्वच्छ आहे. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असल्यामुळे भरताना वरच्याची कडा खालच्याच्या पुढेच बसली पाहिजे. पहिल्याच दिवशी ती मागे राहिली आणि दुसरं काडतूस अडकलं. तेव्हापासून प्रत्येक काडतूस अंगठ्याने चाचपून बसवतो. पन्नास मीटरवर पाच गोळ्या तळहातात मावतील एवढ्या जागेत जातात. धक्का खांद्याला जाणवतो, पण टोचत नाही.

खरी परीक्षा नागपूरच्या हवेने घेतली. मेमध्ये लाकूड आक्रसलं आणि पुढच्या पट्ट्याचा स्क्रू सैल झाला. जुलैत मी रायफल फोमच्या कव्हरात ठेवली, ही माझी मोठी चूक. पंधरा दिवसांनी चेन उघडली तर बोल्टच्या मुठीच्या गोळ्याखाली, फोम टेकला होता तिथे, हळदीच्या बोटासारखा गंजाचा डाग. फोमने ओल धरून ठेवली होती. तेल आणि चिंधीने डाग निघाला, पण काळा रंग तिथे फिका झाला तो झालाच. आता कुलूपबंद लोखंडी कपाटात उघडीच उभी असते. पावसाळ्यात दर रविवारी, आणि रेंजवरून आल्यावर त्याच दिवशी, पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) आणि फलालीनची पट्टी फिरवतो. जुनी काडतुसं असतील तर आधी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल. त्यांच्या प्राइमरमधला, म्हणजे बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीतला, क्षार नळीत उरतो आणि हवेतली ओल ओढतो, नुसत्या तेलाने तो जात नाही.

दस्त्याला घाण्याचं जवसाचं तेल लावतो. फौजेतही लाकडाला जवसच असायचं आणि आपल्या विदर्भात ते चांगलं मिळतं. तळहाताने चोळायचं, अगदी पातळ, लाकूड ऊबदार लागेपर्यंत. तीन हातांनंतर आतले तपकिरी पट्टे वर आले.

खंडेनवमीला दुनाळीशेजारी ही पुजली. हळदकुंकू लागलं ते आधी पुसा, असं बाबा सांगत होते. मग त्यांनी स्वतःच फडकं घेतलं, बोल्ट काढला, चेंबर रिकामं असल्याचं करंगळीने पाहिलं आणि बोल्ट परत बसवला. सगळं माझ्याकडे बघत, रायफलकडे न बघता.