बाइकवरचा पावसाळा: पीव्हीसी, पीयू, पोंचो की रायडिंगचा ओव्हरसूट?

रेनकोट गळतो तो बहुतेक वेळा कापडातून नाही, शिवणीतून. सुईने पाडलेली शेकडो भोकं, मधोमध चेन, गळ्याशी फट. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन मांड्यांच्या मध्ये, जिथे पँटचे चार तुकडे एकत्र शिवलेले असतात. सीटच्या खळग्यात पाणी साचतं, वरून आपलं वजन पडतं आणि पाणी त्या शिवणीतून बरोबर आत शिरतं. म्हणून ताम्हिणी पार करून चहाच्या टपरीवर थांबलेल्या माणसाचा शर्ट कोरडा असतो, पण तो बाकड्यावर बसायला कचरतो.

दुकानात मात्र सगळी बोलणी कापडाची आणि रंगाची होतात. तेव्हा आधी स्वतःशी तीन गोष्टी ठरवून जा: पावसात सलग किती वेळ बसणार, किती वेगाने जाणार आणि दिवसातून किती वेळा तो कोट काढ-घाल करणार. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत २२०० च्या आसपास, महाबळेश्वर आणि आंबोलीत पाच हजारांच्या वर. कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरवर जाणाऱ्याला आणि गणपतीला बोरिवलीहून कणकवलीपर्यंत बाइक नेणाऱ्याला एकच कोट सुचवणारा दुकानदार फक्त माल खपवतोय.

पीव्हीसी: घामाचा पण खात्रीचा

रबरासारखा जाड, घडी घातली की चरचरणारा शर्ट-पँटचा जोड. साधारण ५०० ते ९०० रुपयांत मिळतो आणि लोक समजतात त्यापेक्षा पाणी चांगलं अडवतो. कारण सोपं आहे: कापड म्हणून जे आहे ते अखंड प्लॅस्टिक, आणि चांगल्या प्रतीत सांधे शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेले असतात. सुईचं भोकच नाही तर गळणार कुठून? दूधवाले, पेपरवाले आणि दिवसभर डिलिव्हरी करणारे अनेक जण हाच घालतात, ते फक्त स्वस्त म्हणून नाही.

तोटेही तितकेच ठळक आहेत. आतला घाम बाहेर जात नाही, त्यामुळे वीस मिनिटांनी पावसाने नाही तर स्वतःच्या घामाने भिजायला होतं. घडीच्या जागी प्लॅस्टिक कडक होऊन दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात चिरतं. आणि सायलेन्सर. बहुतेक बाइकना तो उजवीकडे असतो. सिग्नलला पाय टेकवताना पँटची उजवी बाजू त्याला एकदा चिकटली की तिथे काळा डाग आणि हाताएवढं भगदाड. त्यावर ठिगळ टिकत नाही. पँटला घोट्यापाशी वेल्क्रो किंवा बटणाची पट्टी असेल आणि ती घट्ट आवळलेली असेल, तर हे बऱ्यापैकी टळतं.

अर्ध्या तासाचा शहरातला प्रवास असेल, तर पीव्हीसीवर पैसे वाचवण्यात काहीही कमीपणा नाही.

पोंचो: चालणाऱ्यांसाठी

दोनशे-तीनशे रुपयांचा पोंचो बाइकवर वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणात भातलावणी करताना घेतात त्या इरल्याचा आणि त्याचा न्याय एकच: वाकून किंवा चालत काम करणाऱ्या माणसाची पाठ तो उत्तम झाकतो. वाऱ्यात चाळीसच्या वेगाने नेला की तो फुगतो, मागच्याच्या तोंडावर फडफडतो, आरशात दिसणारं सगळं झाकून टाकतो. खालचं टोक चेनमध्ये किंवा चाकाच्या आऱ्यांत गेलं तर पुढचं सांगायला नको. साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून आपल्याकडे गाड्यांना साडीगार्ड लावायचा नियम आहे. मग मुद्दाम त्याच लांबीचं प्लॅस्टिक अंगावर घ्यायचं कशाला?

स्कूटरवाल्या बऱ्याच जणी गुडघ्यापर्यंतचा लांब कोट घेतात, कारण कुर्ता किंवा साडीवर पँट चढवणं जिकिरीचं असतं. तो पोंचोपेक्षा कितीतरी बरा. पण बसल्यावर समोरून उघडतो, मांडीवर पाण्याचं तळं होतं आणि ब्रेक दाबला की ते सगळं पुढे येतं. पुढे दुहेरी पदर असलेला आणि बटणं थेट खालपर्यंत असलेला कोट शोधा. नोकरीचं ठिकाण पाऊण तासाच्या पुढे असेल, तर सलवारवर सैल पँटच चढवा.

पीयू कोटिंगचं नायलॉन: मधला रस्ता, पण शिवण उलटून बघा

हा सध्याचा सगळ्यात खपणारा प्रकार, साधारण १२०० ते २५०० रुपयांचा. कापड पातळ, हलकं, डिकीत मावणारं, आतून पॉलियुरेथेनचा थर. डकबॅकसारखं जुनं नाव असो, वाइल्डक्राफ्ट असो की झील, किंवा बाजारपेठेतला बिननावाचा माल असो, फरक पडतो तो आतल्या बाजूला. कोट उलटा करा. प्रत्येक शिवणीवर पारदर्शक किंवा राखाडी पट्टी इस्त्री केल्यासारखी चिकटवलेली दिसली पाहिजे. खांद्यावर आहे आणि काखेत नाही, किंवा जॅकेटला आहे आणि पँटला नाही, असा माल भरपूर असतो. तो परत ठेवा.

लेबलवर ३०००, ५०००, १०००० मिमी असे आकडे छापलेले असतात. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलला जाईपर्यंत ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नाही, आणि विक्रेता हे सांगत नाही. जॅकेटला ५००० भरपूर झाले. पँटला मात्र जास्त हवेत, कारण तिच्यावर आपण बसतो आणि बसल्यावर पडणारा दाब पावसाच्या माऱ्यासारखा क्षणाचा नसतो, तो तासभर टिकून राहतो. बाजारात नेमकं उलट चालतं. जॅकेटवर सगळा थाट असतो आणि पँट त्याच्याबरोबर आली म्हणून आलेली असते.

या प्रकाराचं आयुष्य तुमच्या आळसावर ठरतं. ओला कोट डिकीत चार दिवस कोंबला की आधी कोंदट वास, मग बुरशी आणि वर्षभरात आतल्या कोटिंगचे पापुद्रे. पीयूला दमटपणाच खातो, हे त्याचं रासायनिक दुखणं आहे.

रायडिंग जॅकेट असेल तर: आत लायनर की बाहेर ओव्हरसूट?

खरी अडचण इथे आहे, कारण पैसे इथे मोठे लागतात. ज्यांच्याकडे खांद्या-कोपरांना गार्ड असलेलं जाळीचं रायडिंग जॅकेट आहे, त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. बऱ्याच जॅकेटांबरोबर आत चेनने लावायचा वॉटरप्रूफ लायनर येतो. दुसरी वाट म्हणजे रायनॉक्ससारख्या भारतीय कंपन्या खास बाइकसाठी बनवतात तो, जॅकेटच्या वरून चढवायचा ओव्हरसूट. वरचा साधारण अडीच ते साडेचार हजारांना, पँट दोन ते तीन हजारांना.

लायनर फुकट आला म्हणून वापरावासा वाटतो. वापरून बघितल्यावर तो बहुतेकांचा कपाटात जातो. लायनर आत असतो, म्हणजे बाहेरचं जॅकेट पूर्ण भिजतं. ते पाणी पिऊन जड होतं, खिशातले पैसे आणि लायसन्स ओले होतात आणि घाटात वारा लागला की ते ओलं जॅकेट अंगातली ऊब शोषून घेतं. जुलैत महाबळेश्वरात दिवसाही तापमान वीसच्या आसपास असतं. त्यात साठच्या वेगाचा वारा धरला तर बोटं क्लचवर नीट वळत नाहीत. शिवाय पाऊस आला की रस्त्याकडेला जॅकेट काढायचं, लायनर लावायचा, पुन्हा घालायचं. तेवढ्यात सर थांबते.

ओव्हरसूट जॅकेटवर दोन मिनिटांत चढतो, जॅकेट कोरडं राहतं, गार्ड जागेवर राहतात. घेताना रायडिंग जॅकेट अंगावर घालूनच माप बघा, नाहीतर खांद्यात आवळतो. माझं मत सरळ ओव्हरसूटच्या बाजूने आहे, लायनर अंगभूत आणि उत्तम दर्जाचा असला तरी.

मग तिसरी, महागडी वाट उरते: कापडालाच झिल्ली चिकटवलेलं जॅकेट, पंचवीस हजारांपासून पुढे कितीही. गोरटेक्स हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई नावाचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून ही सच्छिद्र झिल्ली मिळवली. नळाच्या आट्यांना प्लंबर जी पांढरी टेप गुंडाळतात, तीही पीटीएफईचीच. पाण्याचा थेंब या झिल्लीतून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण कधी? आतला वाफेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असेल तेव्हा. दहा अंशांच्या युरोपातल्या पावसात हा फरक मोठा असतो. जुलैतल्या चिपळुणात, सत्तावीस अंश तापमानात आणि दमटपणाने गच्च झालेल्या हवेत, तो जवळजवळ निम्म्यावर येतो. झिल्ली तीच राहते, काम अर्धं होतं. लडाखला जाणाऱ्याला मी हे जॅकेट घ्यायला सांगेन. फक्त कोकण आणि घाटमाथा करणाऱ्याने तेच पैसे चांगलं हेल्मेट, टायर आणि ओव्हरसूट यांत घालावेत.

गळा, हात, पाय, डोळे

टोपी असलेला कोट बाइकसाठी डोकेदुखी आहे. हेल्मेटच्या आत घातली तर हेल्मेट नीट बसत नाही, वरून घातली तर मान वळत नाही आणि मागे सोडली तर तिच्यात पाणी भरतं आणि थांबल्यावर पाठीत ओतलं जातं. उंच कॉलर आणि घडी घालून आत दडवता येणारी टोपी, एवढंच पुरे. चेनवर दोन पदर हवेत आणि आतल्या पदराला पाणी खाली वाहून जाईल अशी पन्हळ हवी.

बाही ग्लोव्हच्या आत की बाहेर, यावर वाद चालतात. साधी सरळ बसायची बाइक असेल तर हात खांद्यापेक्षा खाली असतात, म्हणून बाही ग्लोव्हच्या वरून घ्या. नाहीतर बाहीवरून वाहणारं सगळं पाणी बोटांत जमतं. पँट तर कायम बुटाच्या वरूनच.

पायांचा प्रश्न कोणी समाधानकारक सोडवलेला नाही. गमबूट कोरडे, पण गियरचा अंदाज लागत नाही आणि वरून पाणी शिरलं की घरी पोचेपर्यंत आतच. बुटांवरचे कव्हर हलके असतात, पण त्यांचा तळवा ओल्या फरशीवर घसरतो आणि लवकर झिजतो. फ्लोटर्स घालून जाणारे बहुसंख्य आहेत. शहरात हरकत नाही, पण बोटं उघडी ठेवून महामार्गावरच्या खड्ड्यांतून साठने जाणं मला पटत नाही. लांबच्या प्रवासाला घोटा झाकणारा बूट आणि कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हा उपाय देखणा नसला तरी चालतो.

व्हायझरकडे दुर्लक्ष होतं, आणि अपघात होतो तो भिजल्यामुळे नाही, न दिसल्यामुळे. ओरखडे पडलेली काच रात्री पावसात समोरच्या दिव्यांचे झुबके करते, ती बदला. काळी काच पावसाळाभर घरी. आतून धुकं धरतं त्यावर पिनलॉक, म्हणजे काचेच्या आतून बसवायची दुसरी पातळ काच, हा सर्वांत भरवशाचा इलाज आहे, पण तो बसवायला काचेला खास खुंट्या लागतात. त्या नसतील तर भांड्याच्या साबणाचा पातळ थर आतून लावून कोरड्या कपड्याने पुसून घ्या. काही तास निभावतं.

आणि रंग. दुकानात काळा आणि नेव्ही ब्लू यांचे ढीग असतात, कारण डाग दिसत नाहीत. माणूसही दिसत नाही. वरंधा किंवा आंबोलीच्या धुक्यात दुपारी तीनला मागच्या ट्रकवाल्याला तुमची पाठ दिसायला हवी. पिवळा किंवा नारिंगी घ्या. काळाच आवडत असेल तर पाठीवर आणि दंडावर परावर्तक पट्ट्या आहेत का ते मोबाइलचा टॉर्च मारून तपासा.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

दुकानात उभं राहून पँट घालून बघू नका, स्टुलावर बसून गुडघे वाकवा. उभं असताना घोट्यापर्यंत येणारी पँट बसल्यावर चार बोटं वर जाते आणि बूट उघडा पडतो. घरी आणल्यावर आत जुना सुती कुर्ता-पायजमा घालून उभ्या गाडीवर बसा आणि कोणाला तरी दहा मिनिटं नळीने पाणी मारायला लावा. शेजारी हसतील, हसू देत. सुती कपड्यावर जिथे ओल दिसेल तिथे गळती आहे, आणि पावती हातात असतानाच ती कळलेली बरी.

थोडक्या पैशांत जास्त फायदा हवा असेल, तर जॅकेट मध्यम आणि पँट उत्तम, असा जोड वेगवेगळा घ्या. अर्धा तास शहरात: पीव्हीसी. रोज तासभर आणि ऑफिसात नीटनेटकं पोचायचं: शिवणींवर पट्टी चिकटवलेलं पीयू. घाट आणि कोकण: रायडिंग जॅकेटवर ओव्हरसूट. दिवसभर डिलिव्हरी: पीव्हीसीचे दोन जोड, एक अंगावर आणि एक वाळत, कारण ओला कोट पुन्हा चढवण्याइतका त्रास कशातच नाही.

धुताना मशीन नको आणि इस्त्री तर मुळीच नको. साध्या पाण्याने चिखल काढून आधी आतली बाजू बाहेर करून पंख्याखाली वाळवा, मग सुलट. दसऱ्यानंतर घडी न घालता हँगरला टांगून ठेवा. आणि नवा घ्यायचा असेल तर मेमध्येच घ्या. पहिली सर पडली की दुकानात एक्सएल आणि काळा एवढंच उरतं.