क्लाउडस्टॅक : दीड वर्ष वापरल्यावर

कोल्हापुरात आमचा एक प्लांट शिरोली एमआयडीसीत, दुसरा गोकुळ शिरगावला, मधे पंचगंगा. दोन्हीकडचे सर्व्हर मी सांभाळते. ड्रॉइंगवाले, ईआरपीवाले, क्वालिटीवाले, ज्याला त्याला नवीन मशीन (सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम) आजच्या आज हवं असायचं आणि प्रत्येक मशीन मी हातानं बनवत बसायचे. म्हणून दीड वर्षापूर्वी अपाचे क्लाउडस्टॅक बसवलं, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर आपला क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर. आता माणसं आपलं मशीन आपण पोर्टलवरून घेतात. सॉफ्टवेअर खुलं आणि मोफत आहे. सिट्रिक्स कंपनीनं 2012 मध्ये ते अपाचे या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे दिलं आणि तेव्हापासून तिथंच वाढलं. आमच्यासारख्या मध्यम कारखान्याला मी ते बिनधास्त सुचवेन. पण बसवायच्या आधी दोन दिवस कागद-पेन घेऊन बसा. ते दोन दिवस मी दिले नाहीत, त्याची किंमत पुढं मोजली.

रचना साधी आहे. एक मॅनेजमेंट सर्व्हर, आणि त्याला जे जे ठाऊक आहे ते सगळं मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. मशीनं ज्या सर्व्हरवर चालतात तो होस्ट, आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे केव्हीएम. प्रत्येक केव्हीएम होस्टवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो स्वतःहून मॅनेजमेंट सर्व्हरच्या 8250 पोर्टला येऊन जोडतो. (होस्टवर केव्हीएमऐवजी व्हीएमवेअर असेल तर हा एजंट लागत नाही.) म्हणजे ठरवायच्या गोष्टी दोनच : डेटाबेस कुठं ठेवायचा आणि एजंटनं कुठल्या पत्त्यावर यायचं.

डेटाबेसची जागा आम्हाला पुरानं शिकवली. 2019 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद राहिला. मी शहरात, सर्व्हर नदीपलीकडं. 2021 ला पुन्हा तेच. त्यामुळं या वेळी मॅनेजमेंट सर्व्हर आणि मुख्य डेटाबेस गोकुळ शिरगावला ठेवला, शहराच्याच बाजूला, आणि रेप्लिका, म्हणजे त्याची जुळी प्रत, शिरोलीत. दोन्ही प्लांटचे झोन, म्हणजे क्लाउडमधले विभाग, वेगळे केले. मधली लाइन तुटली तरी शिरोलीतली चालू मशीनं चालूच राहतात, फक्त नवीन बनवता येत नाहीत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

डेटाबेस त्याच क्लाउडमधल्या मशीनवर मात्र ठेवू नका. वीज गेली, सगळं बंद पडलं, की क्लाउड उठवायला डेटाबेस हवा आणि डेटाबेस उठवायला क्लाउड. मी वेगळा, साधा सर्व्हर दिला. मायएसक्यूएलच्या जोडण्यांची मर्यादा 350 गुणिले मॅनेजमेंट सर्व्हरची संख्या इतकी ठेवायची असते, ती आधीच लिहा. डेटाबेसचा रोजचा डंप (बॅकअप प्रत) घेताना एन्क्रिप्शनची चावी असलेली फाइलही वेगळी जपून ठेवा. डेटाबेसमधले पासवर्ड त्या चावीनं कुलूपबंद असतात, नुसता डंप घेऊन बसलात तर उपयोग नाही. अपग्रेडच्या आधी तर डंप हवाच, कारण नवीन आवृत्ती पहिल्यांदा सुरू होतानाच डेटाबेसची रचना बदलून टाकते.

आता माझी चूक. आमच्या मॅनेजमेंट सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, एक ऑफिसचं, एक सर्व्हरचं. ग्लोबल सेटिंगमध्ये 'होस्ट' नावाची एक ओळ असते, एजंटला तोच पत्ता मिळतो. तिथं ऑफिसचा पत्ता बसला होता आणि मी बघितलंच नाही. आमच्या केव्हीएम होस्टना दोन्ही नेटवर्क होती, ते जोडले गेले, मी खूश. पण टेम्प्लेट, म्हणजे ज्यावरून नवीन मशीन बनतं तो साचा, काही उतरेना. टेम्प्लेट उतरवायला क्लाउडस्टॅक स्वतःच एक मशीन बनवतं, ते सिस्टीम व्हीएम 'रनिंग' दिसतंय, त्यातला एजंट मात्र वर येत नाही. रात्री नऊला प्लांटचे वॉचमन मामा येऊन विचारून गेले, "मॅडम, गेट लावू काय?" मी म्हटलं, थांबा अजून. होस्टवरून 3922 पोर्टनं त्या सिस्टीम व्हीएममध्ये शिरले, एसएसव्हीएम-चेक नावाची स्क्रिप्ट चालवली. डीएनएस ठीक, एनएफएस (नेटवर्कवरचं सामायिक स्टोअरेज) ठीक, 8250 लागत नाही. होस्टसारखं त्याला ऑफिसचं नेटवर्क नव्हतंच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पत्ता बदलला, मॅनेजमेंट सर्व्हर परत सुरू केला, जुने सिस्टीम व्हीएम उडवले. ते आपोआप नवे तयार झाले आणि दहा मिनिटांत टेम्प्लेट उतरायला लागलं.

दुसरा धक्का एनएफएसचा. केव्हीएम होस्टवरचा एजंट प्रायमरी स्टोअरेजवर (जिथं मशीनच्या डिस्क असतात) ठरावीक वेळानं खूण लिहीत असतो. ती लिहिता आली नाही तर तो होस्टच रीबूट करतो. एकच मशीन दोन ठिकाणी चालू होऊन डेटा बिघडू नये म्हणून तशी सोय आहे आणि ती मला पटते. पण हे माहीत नसताना आम्ही भर दुपारी स्टोअरेजचा स्विच बदलायला घेतला. एकामागून एक होस्ट रीबूट झाले आणि शिफ्टवरची माणसं दारात उभी राहिली. एजंट डॉट प्रॉपर्टीज फाइलमध्ये याची सेटिंग आहे. मी ती बंद केलेली नाही. त्याऐवजी स्टोअरेजला दोन स्विच आणि दोन वाटा दिल्या.

पुढच्या महिन्यात दुसरा मॅनेजमेंट सर्व्हर बसवतोय. 'होस्ट'च्या ओळीत स्वल्पविराम देऊन दोन्ही पत्ते, दोन्ही सर्व्हर नेटवर्कचेच, आणि मायएसक्यूएलला 700. या वेळी आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय.