कायदा झाला, पण कारभार बदलला का? : ‘सिग्मा’च्या मूल्यमापन सेवेचे परीक्षण

युरोपीय संघात प्रवेश मागणाऱ्या देशाला स्पर्धा, पर्यावरण, अन्नसुरक्षा अशा अनेक विषयांवरचे संघाचे कायदे स्वीकारावे लागतात. परंतु ते राबवणारे लोकप्रशासन कसे असावे, याविषयी संघाचा स्वतःचा सर्वंकष कायदा नाही. १९९३ च्या कोपनहेगन निकषांना, म्हणजे संघ-प्रवेशाच्या मूळ अटींना, १९९५ मध्ये माद्रिदच्या बैठकीत प्रशासकीय क्षमतेची जोड मिळाली, तरी ती क्षमता मोजायची कशी, हा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे सर्वांत पद्धतशीर उत्तर ‘सिग्मा’ने दिले आहे. युरोपीय संघ आणि ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) यांनी १९९२ मध्ये संयुक्तपणे सुरू केलेला हा उपक्रम मुख्यतः संघाच्या निधीवर चालतो. तो उमेदवार देशांच्या सरकारांना सल्ला देतो आणि त्यांच्या कारभाराचे मूल्यमापन करून अहवाल सर्वांसाठी विनामूल्य खुले ठेवतो. मला यातले दुसरे काम अधिक मोलाचे वाटते आणि हे परीक्षण त्यापुरतेच आहे.

या मूल्यमापनाचा पाया म्हणजे ‘लोकप्रशासनाची तत्त्वे’ हा दस्तऐवज. तो प्रथम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२३ च्या सुधारित आवृत्तीत ३२ तत्त्वे आहेत. धोरण आखणी, नागरी सेवा, उत्तरदायित्व, नागरिकांना मिळणाऱ्या सेवा आणि सार्वजनिक वित्त ही त्यातली प्रमुख क्षेत्रे.

या सेवेचे सामर्थ्य असे की, कायदा संमत झाला एवढ्यावर ती समाधान मानत नाही. पश्चिम बाल्कनमधील अनेक देशांनी गेल्या दशकात सामान्य प्रशासकीय कार्यपद्धतीचे, म्हणजे सरकारी कार्यालयांनी नागरिकांची प्रकरणे कशी हाताळावीत याचे, नवे कायदे केले. अल्बानियाने २०१५ मध्ये, सर्बियाने २०१६ मध्ये. जो दाखला एका सरकारी कार्यालयाकडे आधीच आहे, तो दुसऱ्या कार्यालयाने नागरिकाकडे मागू नये, ही सुधारणा त्यांच्या केंद्रस्थानी होती. कागदांसाठी खेटे घालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याहून मोठी सुधारणा क्वचितच असेल. तथापि, जमीन, कर, समाजकल्याण अशा खात्यांचे जुने स्वतंत्र कायदे त्याच गतीने बदलले नाहीत, नोंदवह्या एकमेकींशी पूर्णपणे जोडल्या गेल्या नाहीत, आणि त्यामुळे खिडकीवरचा कर्मचारी जुनीच कागदपत्रे मागत राहिला. कायदा आणि खिडकी यांमधील हे अंतर सिग्मा सरकारी आकडेवारी, मुलाखती आणि जनमत सर्वेक्षणे यांची सांगड घालून दाखवते. मंत्रालयाचा प्रगती अहवाल तेवढाच वाचणाऱ्याला ते दिसणार नाही.

सर्बियातील वरिष्ठ नेमणुकांचे उदाहरण याहून बोलके आहे. कायद्यानुसार ही पदे स्पर्धेतून भरायची आहेत आणि प्रभारी नेमणुकीला काही महिन्यांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात मोठ्या संख्येने पदांवर वर्षानुवर्षे प्रभारी अधिकारीच बसलेले आढळतात. ज्याची खुर्ची केव्हाही काढून घेता येते, असा अधिकारी मंत्र्याला नियमाविरुद्धच्या कामासाठी नकार कसा देणार? अहवालांनी हा दोष पुन्हा पुन्हा नोंदवला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

उणिवा मात्र गंभीर आहेत. सिग्मा देशांना ज्या निर्देशांकांवर गुण देते, त्या गुणांत कायदेशीर तरतूद आणि प्रत्यक्ष व्यवहार या दोहोंचे मोजमाप एकत्र येत असल्याने, केवळ नवा कायदा करूनही एखादा देश काही गुण मिळवू शकतो; म्हणून एकत्रित आकड्यावर न थांबता वाचकाने उपनिर्देशांकांपर्यंत जावे, असे मी आग्रहाने सांगेन. भाषा इतकी संयत आहे की, राजकीय हस्तक्षेप हा शब्द जिथे स्पष्ट लिहायला हवा, तिथे ‘गुणवत्तेच्या तत्त्वाची अपुरी अंमलबजावणी’ अशा धर्तीचे शब्द येतात. पत्रकारांना आणि नागरी संघटनांना हे अहवाल हत्यार म्हणून वापरायचे असतील, तर त्यांचा अर्थ आधी स्वतः उलगडून घ्यावा लागतो.

संघ-प्रवेशाच्या २०२० च्या नव्या वाटाघाटी पद्धतीत मूलभूत विषयांचा गट, ज्यात लोकप्रशासन सुधारणाही येते, सर्वांत आधी उघडतो आणि सर्वांत शेवटी बंद होतो. त्यामुळे या निष्कर्षांचे वजन वाढले आहे. परंतु देशाचा प्रवेश झाला की हे नियमित मूल्यमापन थांबते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. चेक प्रजासत्ताकाने २००२ मध्ये नागरी सेवेचा कायदा केला, २००४ मध्ये संघात प्रवेश मिळवला आणि त्या कायद्याची पूर्ण अंमलबजावणी पुढे ढकलत ठेवली. अखेर २०१४ मध्ये नवाच कायदा करावा लागला. पोलंड आणि स्लोव्हाकिया यांनी प्रवेशानंतर दोनच वर्षांत, २००६ मध्ये, आपापली नागरी सेवा कार्यालये बरखास्त केली. सिग्मानेच २००९ मध्ये नव्या सदस्य देशांमधील नागरी सेवा सुधारणा किती टिकल्या, याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्यात बाल्टिक देशांची (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) कामगिरी इतरांपेक्षा सरस ठरली. तसा अभ्यास प्रत्येक नव्या सदस्य देशासाठी प्रवेशानंतर किमान दहा वर्षे, ठराविक अंतराने आणि त्याच निर्देशांकांवर व्हायला हवा. माँटेनेग्रो किंवा अल्बानिया यांच्या प्रवेश करारातच ही अट घालणे शक्य आहे.