आळीपाळीचा स्वयंपाक: अख्खं ताट की नुसतं कोरड्यास?

चार ओळखीची घरं, घरटी चार माणसं, आठवड्यातले चार दिवस. ज्याचा दिवस त्यानं सगळ्यांचं रात्रीचं रांधायचं, बाकीच्या तिघांची चूल थंड. याचे दोन प्रकार आहेत: भाकरीसकट अख्खं ताट पोचवायचं, किंवा नुसतं कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरची आमटी-भाजी, द्यायचं आणि भाकरी ज्यानं त्यानं आपल्या तव्यावर टाकायची.

कागदावर अख्खं ताटच सरस. तीन दिवस पिठात हातसुद्धा घालावा लागत नाही. घरात दोघंही नोकरीवर असतील तर हा मोह खरा आहे.

पण अडतं भाकरीवर. माणशी दोन म्हणजे बत्तीस भाकऱ्या, त्याला जवळपास तीन किलो पीठ. एका तव्यावर भाकरीमागे तीन मिनिटं धरली तरी दीड तास थापणं चालू. शेवटची उतरते तोवर पहिली निवलेली असते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा स्वतःचा चिकटपणा नाही. तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो आणि भाकरी निवली की जातो. गरम भाकरी स्टीलच्या डब्यात कोंबली तर वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन-तीन लिबलिबीत होतात. उघडी ठेवली तर कडा पापडासारख्या. सुती फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्यानं थोडा वेळ निभावतं, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला गाडीवरून दुरडी न्यायची कशी? पीठ जुनं असेल तर आणखी पंचाईत, भाकरी थापतानाच चिरते.

कोरड्यासाचं उलट आहे. येसराची, म्हणजे धान्यं-डाळी भाजून दळलेल्या मसालेदार पिठाची, आमटी मुरली की चवीला वाढते. माणशी दोनशे मिली धरून सोळा जणांना सव्वातीन लिटर पुरते. लिटरला चार-पाच मोठे चमचे येसर, आधी गार पाण्यात कालवून, नाहीतर गाठी होतात. भाजलेलं पीठ उतरल्यावरही पाणी ओढतं, म्हणून पोचवायची आमटी नेहमीपेक्षा पातळ ठेवा. तिखट सरळ चौपट करू नका. तिपटीवर थांबून चव बघा. अंबाडी आंबट, ती अॅल्युमिनियमच्या भांड्यात नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ओलं खोबरं टाळा, आणि रांधल्यापासून दोन तासांत जेवण व्हावं असं बघा.

घरी आठ भाकऱ्यांना अर्धा तास लागतो, हे मान्य. तेवढा वेळ ज्यांच्याकडे खरंच नाही त्यांना अख्खं ताट सोयीचं पडेल, विशेषतः पोळी खाणाऱ्या घरांना. तेलाचा हात लावलेली पोळी निवूनही मऊ राहते, आणि धपाटे तर दुसऱ्या दिवशीही चालतात. पण ज्या घरात रात्री ज्वारीची भाकरी लागतेच, तिथं अख्ख्या ताटाचा उत्साह दोन-तीन आठवड्यांच्या पुढं टिकताना आम्हाला दिसला नाही. कोरड्यासाची आळीपाळी मात्र बिनबोभाट चालते.

कोणतीही पद्धत धरा, डब्याचं आधी ठरवा. आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत; कुणी लोणचं घालतं, कुणी चिवडा, आणि चार घरांत परतफेडीचंच एक ओझं होऊन बसतं. इथं धुतलेला रिकामा डबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत, एवढाच नियम ठेवावा.