घरगुती वजनकाट्यांवर मारुती ८००

डावीकडं वळताना माझी ८०० छान चावून वळायची, उजवीकडं वळताना मात्र तोंड बाहेर टाकायची. अलाइनमेंट दोनदा केलं, टायर अदलाबदल करून बघितले, फरक पडेना. मग संशय आला तो एकेका चाकावर पडणाऱ्या वजनाचा. रेसिंगवाल्यांचे चार पॅडचे काटे लाखाच्या घरात जातात. मी आणले माणसांचं वजन करायचे काचेचे डिजिटल काटे, १८० किलोचे, चार नग मिळून साडेतीन हजारांत.

आणल्या आणल्या सिमेंटची दोन पोती चारही काट्यांवर आळीपाळीनं ठेवली. पोत्यांचं वजन नेमकं १०० किलो असो वा नसो, काटे आपसात किती चुकतात ते कळतं. तीन जुळले, एक १.२ किलो जास्त दाखवत होता. तो मागच्या चाकाखाली घातला, कारण पुढं चूक तिप्पट होते.

तिप्पट का, तर पुढचं चाक २०० किलोच्या वर जातं, काट्याला ते पेलत नाही. म्हणून तरफ केली. लोखंडी चॅनलचं एक टोक पाइपच्या टेकूवर, दुसरं काट्यावर, आणि टेकूपासून एक तृतीयांश अंतरावर चाक. आलेला आकडा तीननं गुणायचा; चॅनलचा भार आधी टिपून वजा करायचा. मागची चाकं थेट काट्यावर, पण काचेवर प्लायवूडचा तुकडा हवाच. चारही चाकं एका उंचीवर आणायला गवंड्याची लेव्हल-नळी वापरली. या जुळवाजुळवीतच अर्धा दिवस गेला, आणि तो घालवावाच लागतो. एक चाक जरा वर राहिलं तरी सगळे आकडे खोटे येतात. चाकाखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवले, म्हणजे जॅक सोडल्यावर टायर बाजूला सरकतो आणि सस्पेन्शन मोकळं बसतं.

या काट्यांचा खरा दोष म्हणजे आकडा स्थिर वाटला की ते तोच धरून ठेवतात. जॅक हळू सोडला की मधलाच आकडा अडकतो. एकेक कोपरा उचलून पुन्हा सोडायचा, असं पाच वेळा करून सरासरी काढली. मी ड्रायव्हरच्या सीटवर, भाचा आकडे लिहायला. गाडीखाली हात घालायचा नाही, हे त्याला आधीच बजावलं होतं.

पुढचं डावं २२२, उजवं २०७. मागचं डावं १२८, उजवं १५९. एकूण ७१६. वे-ब्रिजवर, मी गाडीत बसलेलोच असताना, ७२० आलं होतं. तो काटा १० किलोच्या टप्प्यानं मोजतो, म्हणजे जुळलं. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ३३५, म्हणजे ४६.८ टक्के. हा कर्ण ५० च्या आसपास हवा. दुखणं इथंच होतं.

पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी उभ्या केल्या, तर उजवी दीड सेंटिमीटर आखूड. नवी जोडी बसवून पुन्हा मोजलं: २१३, २१६, १३७, १५०. कर्ण ४९.३ टक्के. डाव्या बाजूची बेरीज तेव्हाही ३५० होती, आताही ३५०. स्प्रिंगनं वजन फक्त कर्णात सरकतं, त्यामुळं ही बेरीज हलली नाही तेव्हा मोजणीवर माझा विश्वास बसला.

तेराशे किलोच्या गाडीला हेच काटे चालतील, फक्त तरफ चारही चाकांखाली लागेल. घेताना एकाच मॉडेलचे चार घ्या, पोती घालून तपासा, आणि जॅक दोन ठेवा.