कॅमेऱ्याच्या आरसी गाड्यांची रेसिंग: आठ महिने वापरल्यावर

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल) एक-दशांश मापाच्या आठ गाड्या, प्रत्येकीवर कॅमेरा, चालवणाऱ्यासमोर स्टिअरिंग, पेडल आणि टीव्ही. असा सेट आठ महिने रोज चालला की कळतं, विक्रेता ज्या वेगाचं कौतुक करतो तो इथे बिनकामाचा. कॅमेरा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतो, त्यामुळे ताशी 20 किलोमीटरसुद्धा पडद्यावर सुसाट वाटतात. मजा ठरते ती चित्र किती उशिरा पोचतं यावर.

हिशोब साधा आहे. ताशी 20 ला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. वाय-फाय कॅमेऱ्याचं चित्र 100 मिलिसेकंद मागे असेल, तर वळण दिसेपर्यंत गाडी 55 सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून जास्त. नवखा मग स्टिअरिंग जादा फिरवतो, पलीकडच्या भिंतीवर आपटतो आणि गाडीला शिव्या घालतो. म्हणून 5.8 गिगाहर्ट्‌झचा जुना ॲनालॉग व्हिडिओच बरा. चित्र धुरकट, पण जवळजवळ ताबडतोब येतं. सिग्नल पडला तर मुंग्या येतात, आणि मुंग्यांतूनही वळण घेता येतं. डिजिटलचं चित्र गोठलं की खेळ संपला. एवढं करून टीव्हीचा गेम मोड, म्हणजे टीव्हीकडून होणारा उशीर कमी करणारी सेटिंग, बंदच राहिला, तर मुसळ केरात.

चॅनेल रेसबँड या आठ चॅनेलांच्या ठरलेल्या संचातले घ्यावेत: 5658 ते 5917 मेगाहर्ट्‌झ, दोन चॅनेलांत 37 चं अंतर. चित्र पाठवणारा ट्रान्समीटर 25 मिलिवॅटवरच ठेवावा. पॉवर वाढवली की शेजारच्याच्या पडद्यावर आपला ट्रॅक डोकावतो. आठ गाड्या एकदम चालतात, पण सहाच सोडल्या तर चित्र स्पष्ट राहतं. लोखंडी खांब असतील तर मशरूम अँटेना (लहरी गोल फिरवत सोडणाऱ्या) लावाव्यात, गाडीवर आणि रिसीव्हरवर दोन्हीकडे उजव्या फिरकीच्याच किंवा दोन्हीकडे डाव्याच. मिसळल्या तर रेंज कोसळते. आणि अँटेना न लावता ट्रान्समीटर चालू करू नये, जळतो.

पेडल दाबलं की पडद्यावर आडव्या रेषा येतात? ती ब्रश मोटरची खरखर. मोटरच्या दोन टोकांमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाकवावा, कॅमेऱ्याला व्होल्टेज स्थिर ठेवणारा वेगळा रेग्युलेटर द्यावा.

पैसे खातो तो मात्र सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. तिरकी धडक बसली की धक्का चाकातून थेट त्याच्या गिअरवर येतो आणि प्लॅस्टिकचे दात उडतात. गाडी उचलून पुढचं चाक हलकंच धरायचं आणि स्टिअरिंग फिरवायचं. आतून कटकट आली तर दात गेले. दांडा नीट फिरतोय पण चाक जागेवरच, तर सर्व्हो सेव्हर, म्हणजे धक्का झेलणारा स्प्रिंगचा जोड, सैल झालाय. तो आवळला की भागतं, सर्व्हो बदलायची गरज नाही. नवा घेताना मेटल गिअरचा घ्यावा आणि दांड्याचे दात मोजावेत, 25 दातांचा हॉर्न (दांड्यावर बसणारा हात) 23 वर बसत नाही.

कार्पेटच्या ट्रॅकवर धागे आणि केस मागच्या ॲक्सलला गुंडाळले जातात आणि बेअरिंगमध्ये शिरतात. मग मोटर तापते, चार्ज लवकर उतरतो, आणि आळ बॅटरीवर येतो. आठवड्यातून एकदा चाकं काढून चिमट्याने ॲक्सल साफ करावा.

5000 मिलिअँपिअर-तासांची 2एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) सरासरी 12 अँपिअरला 20 मिनिटांत 80 टक्के उतरते, म्हणजे पाच मिनिटांच्या चार फेऱ्या. 5 अँपिअरने चार्ज व्हायला तासभर, त्याआधी गार होऊ द्यायची. म्हणून प्रत्येक गाडीमागे जादा पॅक लागतात. सेल 3.5 व्होल्टखाली नेऊ नये. रात्री 3.8 वर ठेवावेत. फुगलेला पॅक चार्जरला लावायचाच नाही.

दिवसाची पहिली फेरी सोडण्याआधी गाडी उचलून धरावी, पेडल थोडं दाबावं आणि रिमोटचा ट्रान्समीटर (व्हिडिओचा नव्हे) बंद करावा. चाकं लगेच थांबली नाहीत, तर फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) पुन्हा बसवल्याशिवाय ती गाडी ट्रॅकवर ठेवू नये.