डेबियन १३ : २०३८च्या तयारीच्या दृष्टीने

भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संगणकातल्या ३२-बिट घड्याळाची (१९७०पासूनचे सेकंद ३२-बिट आकड्यात मोजणाऱ्या) मोजणी संपते आणि पुढच्याच क्षणी तारीख थेट डिसेंबर १९०१मध्ये जाते. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने (डेबियन ही लिनक्सवर आधारित मोफत संगणक-प्रणाली) आर्म प्रोसेसरच्या ३२-बिट आवृत्तीतही ही मोजणी ६४-बिट केली, हे काम मला फार मोलाचे वाटते. जुन्या पेंटियमवाल्यांच्या (इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरवाल्यांच्या) पदरी मात्र निराशाच आहे, कारण जुन्या प्रोग्रॅमांशी सुसंगती राखण्यासाठी त्यांच्या आवृत्तीत जुनेच ३२-बिट मोजमाप ठेवले असून इन्स्टॉलरही बंद केला आहे. जुनी डिस्क तशीच वापरायची असल्यास ईएक्सटी४च्या (लिनक्समधील डिस्कवर फायली साठवण्याच्या पद्धतीच्या) आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फायलीची तारीख वगैरे माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, आकार आधी तपासावा, तो १२८ बाइट असेल तर फायलींच्या तारखा २०३८मध्येच अडकतात, २५६ असेल तर २४४६पर्यंत चिंता नाही (डिस्क तेवढी टिकली तर!).